ध्रुवसमुद्रातील अल्पायुषी वादळांचा माग

२८ डिसेंबर १९८६ च्या दुपारी जपान समुद्राच्या काठी असलेल्या अमारुबे येथील रेल्वेपुलावरून एक गाडी वाऱ्याच्या जोराने खाली कोसळली. पुलाची उंची ४१ मीटर. गाडी रिकामी परत चालली होती, त्यामुळे प्रवासी बचावले. पण पुलाखाली खेकड्यांवर प्रक्रिया करणारा कारखाना होता. तेथील पाच कामगार आणि गाडीचा गार्ड असे सहा जण प्राणास मुकले. डबे ढकलून देणारा हा वारा समुद्रावरील एका लहानशा वादळाचा होता, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. हवामानशास्त्रात अशा वादळांना ‘पोलर लो’, म्हणजे ध्रुवीय न्यूनदाब, असे नाव आहे.

अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार होऊ लागले की त्याची चर्चा आपल्याकडे किनारा गाठण्यापूर्वी कित्येक दिवस चालू असते. त्याला पोसण्यासाठी सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून उबदार पाणी लागते. पोलर लोचा जन्म मात्र कडाक्याच्या थंडीत होतो. हिवाळ्यात बर्फाच्छादित प्रदेशावरील उणे वीस-तीस अंशांची हवा खुल्या समुद्रावर सरकते. उत्तर नॉर्वेजवळचा समुद्र अटलांटिकमधील उष्ण प्रवाहामुळे गोठत नाही. त्याचे तापमान शून्याच्या वर चार-पाच अंश असते. आपल्याला त्या पाण्यात बोट बुडवणे नकोसे होईल, पण त्या हवेच्या दृष्टीने ते चुलीवरचे आधणच! खालून मिळणारी ऊब आणि बाष्प घेऊन हवा वेगाने वर चढते, बाष्पाचे ढग होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि दाब आणखी घसरतो. त्यातच थंड व उबदार हवेची सीमा जवळ असेल, तर भोवरा फिरू लागतो. काही वेळा उपग्रहचित्रात त्याच्या मध्यभागी चक्रीवादळासारखा ‘डोळा’ही दिसतो.

या वादळाचा व्यास दोनशे ते हजार किलोमीटर आणि आयुष्य बहुधा दोन दिवसांहून कमी. जमिनीवर येताच उष्णतेचा पुरवठा तुटतो आणि काही तासांत ते विरून जाते. पण तेवढ्या वेळात शांत समुद्रावर अचानक तुफान वारा सुटतो, दाट हिमवर्षावात समोरचे दिसेनासे होते आणि लाटांचे तुषार बोटीवर पडताच गोठतात. बर्फाचे ओझे वरच्या भागात साचले की लहान बोटीचा तोल जातो. नॉर्वेच्या कोळ्यांना ही वादळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. नकाशांवर मात्र ती सहसा उमटत नसत.

याचे कारण साधे होते. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतीलच बर्गन येथे व्हिल्हेल्म ब्येर्कनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधुनिक हवामान-नकाशांचा पाया घातला. पण उत्तरेकडील समुद्रात निरीक्षणाची ठिकाणे एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर. मोठ्या छिद्रांच्या जाळ्यातून बारीक मासळी निसटावी, तशी ही वादळे दोन ठाण्यांच्या मधून निघून जात. १९६० नंतर हवामान-उपग्रह आले, तेव्हा कुठे त्यांची ढगांची वेटोळी डोळ्यांना दिसू लागली.

मात्र, ढग दिसले म्हणजे वारा कळला असे नव्हे. हिवाळ्यात तेथे सूर्य क्वचितच दिसतो, म्हणून अवरक्त किरणांनी टिपलेल्या चित्रांवर भिस्त. आणि त्यांत दिसतो तो ढगांचा माथा. विषुववृत्तावर स्थिर भासणाऱ्या उपग्रहांची नजर इतक्या उत्तरेला तिरपी पडते. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह जवळून पाहतात, पण ठराविक वेळीच. १९९९ ते २००९ या काळात ‘क्विकस्कॅट’ने आणि २००६ पासून ‘मेटऑप’ मालिकेतील उपग्रहांनी समुद्रावर रडारलहरी सोडून परावर्तनावरून वाऱ्याचा वेग काढण्याची सोय केली. वाऱ्याने पाण्याचा पृष्ठभाग जितका खडबडीत, तितका प्रतिसाद वेगळा, हे त्यामागचे तत्त्व.

वादळाच्या पोटात शिरून मोजमाप करण्याचे धाडसही झाले. २७ फेब्रुवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या संशोधन-विमानाने नॉर्वेजियन समुद्रावरील एका पोलर लोचा वेध घेतला, तेव्हा खालच्या थरांत वारा सेकंदाला सुमारे ३५ मीटर आढळला; म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर. मार्च २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षानिमित्त जर्मनीच्या ‘फाल्कन’ विमानाने ३ आणि ४ तारखेला एकाच वादळावर तीन उड्डाणे केली व छत्रीला बांधलेली उपकरणे खाली सोडली. एकाच वादळाचा उदय आणि वाढ अशा तऱ्हेने टिपणे, हेच त्या मोहिमेचे मोठे यश.

पूर्वानुमान करताना नॉर्वेत एक ठोकताळा वापरतात. समुद्रपृष्ठाचे आणि सुमारे पाच किलोमीटर उंचीवरील हवेचे तापमान यांत ४३ अंशांहून अधिक फरक पडला की सावध व्हायचे. २०१५ पासून तेथे उत्तर ध्रुवीय प्रदेशासाठी अडीच किलोमीटरच्या चौकटींचे संगणकीय प्रारूप चालते. त्याने वादळ उमटते खरे. पण आरंभीच्या निरीक्षणांत थोडी चूक असली, तरी त्याची जागा कितीतरी किलोमीटरने चुकते. बोटीवरच्या माणसाला ‘आज या भागात वादळ संभवते’ एवढे सांगून कसे भागावे?

जुन्या वादळांची मोजदाद हाही वादाचा विषय आहे. किती लहान, किती जोराचे वादळ धरायचे, यावर आकडा बदलतो. माथियास झान आणि हान्स फॉन स्टॉर्च यांनी संगणकाकरवी १९४८ ते २००६ या काळातील उत्तर अटलांटिकमधील वादळांचा माग काढला, तेव्हा संख्येत दीर्घकालीन वाढ वा घट दिसली नाही. २०१० मध्ये त्यांनी भविष्याचा अंदाज मांडला. हवा समुद्रापेक्षा लवकर तापणार, दोहोंतील फरक कमी होणार, म्हणून ही वादळे घटतील. पण समुद्रावरील बर्फाची कड मागे हटत असल्याने त्यांचे जन्मस्थान उत्तरेकडे सरकेल, असेही त्यांना आढळले. म्हणजे आजवर बर्फाखाली असलेल्या पाण्यावर, जेथे निरीक्षणाची ठाणी आणखीच विरळ आहेत.