भरलेल्या पोटऱ्या

पाच वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या चांगल्या भरलेल्या, टणक. आजी कौतुकानं म्हणते, पैलवान होणार. पण हाच मुलगा जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ मध्ये हे उठणं बारकाईनं टिपलं होतं. डॉक्टर आजही ते आवर्जून बघतात.

हा डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. त्या पोटरीतला स्नायू विरत चाललेला असतो आणि त्याची जागा चरबी घेत असते. मग आईला विचारलं जातं, ‘काय खायला घालत होतीस?’ हा प्रश्नच अन्यायाचा आहे. ही चरबी तुपातून आलेली नसते. एक्स गुणसूत्रावरच्या डिस्ट्रोफिन नावाच्या, सुमारे २२ लाख अक्षरांच्या प्रचंड जनुकात बिघाड असतो. साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये तो नव्यानंच झालेला असतो, आईकडून आलेलाही नसतो. त्या जनुकातून बनणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसलं की स्नायूचा धागा नुसत्या चालण्यानंही फाटतो.

मग चरबी येते कुठून? २०१० मध्ये दोन संशोधक गटांनी स्नायूच्या धाग्यांमधल्या मोकळ्या जागेत राहणाऱ्या काही पेशी ओळखल्या. एरवी या पेशी गुणाच्या. दुखापत झाली की भराभर वाढतात, दुरुस्तीला हातभार लावतात आणि काम संपलं की मरून जातात. डुशेनमध्ये दुखापत रोजचीच, त्यामुळे त्यांना मरण्याचा निरोपच मिळत नाही. त्या साचून राहतात. त्यांच्यात पीपीएआर गॅमा हे जनुक जागं झालं की पोटात तेलाचे थेंब धरून त्याच पेशी चरबीच्या होतात.

कोणतं जनुक जागं राहील, हे डीएनए किती घट्ट गुंडाळलेला आहे यावरही ठरतं. तो आवळून ठेवणाऱ्या एचडॅक विकरांना अडवणारं गिव्हिनोस्टॅट हे औषध मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत, सहा वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी, मंजूर झालं. बिघडलेलं जनुक ते दुरुस्त करत नाही. दुरुस्तीला आलेल्या पेशींना चरबीच्या वाटेवरून वळवण्याचा त्याचा प्रयत्न आहे, आणि मला तो मोलाचा वाटतो.

या औषधाच्या चाचणीत मुलांना चार पायऱ्या चढायला सांगत. सगळी मुलं स्टेरॉइड घेत होतीच. दीड वर्षात नुसत्या स्टेरॉइडवरच्या मुलांना चढायला सरासरी ३.०३ सेकंद जास्त लागू लागले; गिव्हिनोस्टॅटही घेणाऱ्यांना १.२५.