वनस्पती आणि मानवी समाज : पाठ्यपुस्तक कसे निवडावे?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर दिल्याने कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही वनस्पती आणि मानवी समाज यांच्या संबंधांचा अभ्यास करण्याची वाट मोकळी झाली आहे. या विषयावर पुस्तके अनेक आहेत. अडचण निवडीची आहे.

लेव्हेटिन आणि मॅकमॅहन यांचे ‘प्लांट्स अँड सोसायटी’ हे अमेरिकी पुस्तक विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असून वनस्पतीच्या रचनेपासून सुरुवात करते. एस. एल. कोचर यांचे १९८१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक उष्ण कटिबंधातील पिकांना केंद्रस्थानी ठेवते. भारतीय वर्गासाठी दुसरे जवळचे. मात्र वनस्पतिशास्त्राची तोंडओळख नसलेल्यांना ते जड जाऊ शकते.

पुस्तक पारखायचे तर मसाल्यांचे प्रकरण उघडावे. मिरी हे फळ, लवंग ही कळी, दालचिनी ही साल, केशर म्हणजे फुलातील कुक्षी आणि हळद हे जमिनीखालील खोड. कोणता भाग कशासाठी आणि का वापरला जातो, हे तेथे उलगडले नसेल, तर उरते ती केवळ नावांची यादी.

त्याच हळदीने पुढचा प्रश्नही उभा केला. जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हे ज्ञान भारतात पूर्वापार असल्याचे सिद्ध झाल्याने १९९७ मध्ये ते रद्द झाले. २००२ च्या जैविक विविधता कायद्यात लाभाच्या न्याय्य वाटपाची तरतूद झाली. त्यापूर्वीच्या आवृत्तीत हा भाग मिळणार नाही. तो शिक्षकांनाच जोडावा लागेल.

वनस्पती जाणणाऱ्या लोकांना पुस्तकात किती जागा आहे, हेही पाहावे. मध्य भारतातील आदिवासी मोहाची फुले वाळवून खातात, बियांचे तेल काढतात. पुस्तकात मोह केवळ मद्यापुरताच येत असेल, तर ते चित्र अपुरे आहे.

शास्त्रीय नावांबाबत मात्र थोडे उदार राहता येईल. बाजरीची ‘पेनिसेटम’ ही प्रजाती अलीकडे ‘सेंक्रस’मध्ये विलीन करण्यात आली असली, तरी जुने नाव आजही सर्रास वापरले जाते. तेवढ्यावरून चांगले पुस्तक नाकारण्याचे कारण नाही. दोन्ही नावे फळ्यावर लिहिली की पुरे.