थर्मोकोलवरचा गिलावा

इमारतीच्या बाह्य भिंतींना बाहेरून उष्णतारोधक पाट्या चिकटवून त्यांवर पातळ गिलावा करण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत रुजली आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाच्या काटकसरीपायी युरोपभर पसरली. या पाट्या बहुधा फुगविलेल्या पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट थर्मोकोल म्हणतात त्या पदार्थाच्या असतात, आणि या पद्धतीची खरी अडचण नेमकी तेथेच सुरू होते. विटेच्या किंवा काँक्रीटच्या पृष्ठभागावरील बारीक छिद्रांत सिमेंटचे पाणी शिरते, तेथे सिमेंटचे स्फटिक वाढतात आणि गिलावा भिंतीला धरून राहतो. थर्मोकोल मात्र पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे त्यावर थापलेला निव्वळ सिमेंट-वाळूचा माल वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटून येतो.

ही अडचण दूर करणारी भुकटी बव्हेरियातील बुर्गहाउझेन येथे मोठा कारखाना असलेल्या वाकर या रसायन कंपनीने १९५७ मध्ये पुढे आणली. व्हिनाइल ॲसिटेट आणि एथिलीन यांचे रेणू पाण्यात एकमेकांना जोडत नेले की दुधासारखे पांढरे द्रावण तयार होते, ज्यात पॉलिमरचे, म्हणजे बहुवारिकाचे, अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. हे कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होऊ नये म्हणून त्यांच्याभोवती पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे कवच ठेवतात. हा पदार्थही वाकरच्याच संशोधन संस्थेत हेरमान आणि हेनेल यांनी १९२४ मध्ये प्रथम तयार केला होता. पुढे हे द्रावण गरम हवेच्या झोतात फवारून वाळवितात, आणि साठवणीत भुकटीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तीत थोडी खनिज पूड मिसळतात. दूध-पावडरही अशीच तयार होते आणि उपमा येथे संपत नाही, कारण पाणी घालताच या भुकटीचेही पुन्हा मूळचे ‘दूध’ होते. द्रव स्वरूपातील पॉलिमर कामाच्या जागी वेगळा न्यावा लागतो, थंडीत गोठतो आणि त्याचे प्रमाण गवंड्याच्या अंदाजावर राहते. भुकटीमुळे सिमेंट, वाळू आणि पॉलिमर एकाच पोत्यात मापून भरता येऊ लागले.

निव्वळ व्हिनाइल ॲसिटेटचा पॉलिमर थंडीत कडक असतो आणि सिमेंटच्या तीव्र क्षारतेत हळूहळू विघटित होतो. एथिलीनच्या जोडीमुळे त्याला कायमची लवचिकता येते आणि क्षारापुढे टिकण्याचे बळही वाढते.

मालात पाणी पडल्यावर जे घडते ते मोठे कौतुकाचे आहे, कारण तेथे दोन विरुद्ध गरजा एकत्र नांदतात. सिमेंटला घट्ट होण्यासाठी पाणी हवे असते, तर पॉलिमरच्या कणांना एकजीव होण्यासाठी पाणी निघून जावे लागते. सिमेंट पाणी ओढून घेते, काही पाण्याची वाफ होते, आणि उरलेल्या पोकळ्यांत व थर्मोकोलच्या पृष्ठभागाशी दाटीने गोळा झालेले कण एकमेकांत मिसळून तेथे लवचिक पापुद्रा तयार होतो. सेल्युलोज ईथर हा दुसरा पूरक पदार्थ पाणी धरून ठेवतो आणि दोघांनाही पुरेसा अवधी देतो. कडाक्याच्या थंडीत हा पापुद्रा जमत नाही, म्हणूनच ५ अंश सेल्सिअसच्या खाली असे काम करू नये असा दंडक आहे.

पाट्या बसल्यावर त्यांवर ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा थर देऊन त्यात काचतंतूंची जाळी दाबतात, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांवर, जेथे तडा हमखास तिरका धावतो, जाळीचे जादा तुकडे तिरपे बसवितात. या थरामागे उष्णतारोधक असल्याने उन्हाची उष्णता आत झिरपत नाही. थर चटकन तापतो आणि पावसाची सर येताच तितक्याच चटकन निवतो. म्हणूनच युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत नमुना-भिंत ७० अंशांपर्यंत तापवून तिच्यावर पाणी फवारण्याची ८० आवर्तने सांगितली आहेत. चिकटपणाची कसोटीही मोठी मार्मिक आहे: दर चौरस मिलिमीटरला ०.०८ न्यूटन, म्हणजे ५ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाला सुमारे २० किलो वजनाइतकी ओढ, जोडाने सोसली पाहिजे. नाहीतर फाटायचेच झाल्यास थर्मोकोल फाटावा, जोड सुटू नये.

एवढे काम करणाऱ्या भुकटीचे प्रमाण कोरड्या मालाच्या साधारण २ ते ५ टक्केच असते, म्हणजे २५ किलोच्या पोत्यात अर्धा ते सव्वा किलो. पण पोत्यातील महाग घटक तोच असल्याने काटकसरीची कात्री पहिल्यांदा त्याच्यावरच चालते, आणि त्याची उणीव सिमेंट वाढवून भरून काढू पाहणे हा तर शुद्ध अडाणीपणा होय, कारण जादा सिमेंटाने थर अधिक ताठ आणि ठिसूळ होतो.

चुन्यात गूळ, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचे पाणी घालणाऱ्या आपल्याकडील जुन्या गवंड्यांना सेंद्रिय पदार्थाची ही गरज अनोळखी नव्हती. आज महाराष्ट्रात व्हिट्रिफाइड टाइल बसविण्यासाठी जो पॉलिमरयुक्त चिकट माल पोत्यांतून मिळतो, त्यात बहुधा याच जातीची भुकटी असते, कारण ती टाइलही पाणी जवळजवळ शोषत नाही. अशा पोत्यात कामाच्या जागी वरून सिमेंट मिसळू नये आणि पोत्यावर छापलेले पाण्याचे माप तंतोतंत पाळावे.