स्टेम सेल लॅबमधून दवाखान्यात यायला इतकी वर्षं का लागतात? दोन इंजेक्शनांची गोष्ट

मागच्या महिन्यात मोठ्या मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला आणि पाठोपाठ फोन. "अरे, तू इंजिनियर आहेस ना, बघ बरं हे खरं आहे का." एका क्लिनिकची जाहिरात होती. पोटाच्या चरबीतून तुमच्याच स्टेम सेल काढायच्या, डोळ्यात सोडायच्या, त्याच दिवशी घरी. मावशीला वयोमानाने होणारा मॅक्युलाचा आजार आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत जातो. कडेचं दिसतं, पण समोरच्याचा चेहराच दिसत नाही. आजार आटोक्यात ठेवायला तिला ठरावीक दिवसांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, त्याला ती कंटाळली आहे. क्लिनिकने दोन लाख सांगितले होते आणि तिची एफडी मोडायची तयारी होती.

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण शोधायला बसलो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या १६ मार्च २०१७ च्या एकाच अंकात मला दोन लेख सापडले. दोन्ही याच आजारावर, दोन्हींत पेशंटच्या स्वतःच्याच पेशी वापरलेल्या. एक जपानमधला, दुसरा अमेरिकेतला.

आधी जपानचं सांगतो. स्टेम सेल म्हणजे अशी पेशी, जी स्वतःच्या प्रती काढते आणि दुसऱ्या प्रकारची पेशीही बनू शकते. पण कुठलीही स्टेम सेल काहीही बनत नाही. चरबीतली पेशी डोळ्यात सोडली म्हणून ती डोळ्याची होत नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींत चार जीन घालून त्यांना जवळजवळ गर्भावस्थेत परत नेलं. या आयपीएस पेशींपासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी तयार करता येते. २०१२ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

कोबेच्या डॉ. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने या पेशींपासून पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर बनवायचं ठरवलं. हा थर प्रकाश टिपणाऱ्या पेशींना पोसतो आणि त्यांचा कचरा साफ करतो. मावशीच्या आजारात हाच बिघडतो. निवड मला फार हुशारीची वाटली. या पेशी थोड्याच लागतात, रंगामुळे ओळखू येतात, आणि काही गडबड झाली तर डॉक्टरला डोळ्यात डोकावून दिसतं. पायलट प्रोजेक्ट असाच निवडावा!

१२ सप्टेंबर २०१४ रोजी सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या एका डोळ्यात जेमतेम १.३ बाय ३ मिलिमीटरचा तुकडा बसवला. तो तयार करायला सुमारे दहा महिने लागले, खर्च सुमारे १० कोटी येन. एवढे महिने कशात गेले? मुख्यतः पेशी वाढवण्यात आणि तपासण्यात. एखादी आयपीएस पेशी अर्धवट बदललेली राहिली तर तिची गाठ होऊ शकते, म्हणून पेशी आधी उंदरांत टोचून बघायच्या, जीनोम वाचायचा. आमच्याकडे रिलीज फसला तर रोलबॅक करतो. शरीरात सोडलेल्या पेशींना रोलबॅक नाही.

वर्षभराने बाईंची नजर सुधारली नव्हती, पण खालावलीही नव्हती. आधी तेरा इंजेक्शनं झाली होती, त्यानंतर वर्षभर एकही लागलं नाही. दुसऱ्या पेशंटच्या पेशी तयार होत्या, पण त्यांत जनुकीय बदल सापडले. गाठ झाली नव्हती, फक्त शंका होती. तरी ऑपरेशन थांबवलं. सगळं जग बघत असताना. हे वाचून मी खरंच थांबलो, कारण आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी रिलीज थांबवायला कोणी धजत नाही.

पुढे त्यांनी पद्धतच बदलली. प्रत्येक पेशंटसाठी स्वतंत्र पेशी म्हणजे प्रत्येक युजरसाठी वेगळा बिल्ड, आणि प्रत्येक बिल्डवर पुन्हा सगळ्या टेस्ट. परवडणार कसं? मग क्योतोत दात्यांच्या पेशींचा एकदा नीट तपासलेला साठा केला, आणि मार्च २०१७ मध्ये त्यातून बनवलेल्या पेशी जुळणाऱ्या पेशंटला दिल्या.

आता दुसरा लेख. फ्लोरिडाच्या एका क्लिनिकमध्ये ७२ ते ८८ वयाच्या तीन बायकांच्या डोळ्यांत पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी सोडल्या. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. प्रत्येकीने ५,००० डॉलर भरले. तिघींना त्याआधी कामापुरतं तरी दिसत होतं. पुढे डोळ्यांत रक्तस्राव झाला, पडदे सुटले. वर्षभराने कोणाची नजर नावापुरती उरली, तर कोणाला उजेडसुद्धा कळेना. काहींना वाटत होतं आपण संशोधनात भाग घेतोय, कारण अमेरिकेच्या सरकारी ट्रायल यादीत क्लिनिकची नोंद होती. पण यादीत नोंद म्हणजे परवानगी नव्हे.

भारतात काय? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं बोन मॅरोसारखं प्रत्यारोपण हाच मान्य उपचार. बाकी सगळं प्रयोग, म्हणजे फक्त परवानगी असलेल्या ट्रायलमध्येच, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. २०१९ च्या नियमांत स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन 'नवीन औषध' धरलंय.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पण जपानवाल्यांचं मिळेपर्यंत मी असेन का रे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर हीच अडचण आहे. संशोधनाचा वेग बरोबर असला तरी तो तिच्या वयाशी जुळत नाही, आणि त्या मधल्या फटीतच ही क्लिनिकं दुकान थाटतात.

मग मी भाचा म्हणून क्लिनिकला फोन लावला. ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागितला, औषध नियंत्रकांची परवानगी आहे का विचारलं. बाई गोड बोलत होत्या. "डॉक्टर सांगतील सर, तुम्ही पेशंटला घेऊन या." पैशांचं विचारलं तेव्हा मात्र लगेच उत्तर आलं. दोन्ही डोळे एकाच दिवशी केले तर सवलत आहे.

हे वाक्य मी मावशीला जसंच्या तसं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग विचारलं, "त्या अमेरिकेतल्या बायकांचंही दोन्ही डोळ्यांचंच केलं होतं ना?" एफडी अजून तशीच आहे. तिचं नेहमीचं इंजेक्शन पुढच्या मंगळवारी आहे, मी सुट्टी टाकली आहे.