खानदेशचे भरीत

प्रवासास निघालेला खवय्या बहुधा नामांकित शहरांचीच वाट धरतो. केवळ भरितासाठी तापीकाठच्या जळगाव जिल्ह्याकडे वळणारे थोडेच. तिकडे जावे ते हिवाळ्यात. पुष्कळ घरांत चातुर्मासात वर्ज्य मानलेले वांगे चंपाषष्ठीला पुन्हा पानात येते, आणि शेतोशेती भरिताच्या पंगती बसू लागतात.

येथील वांगे हिरवट, चांगले मोठे व कमी बियांचे असते. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु खरी किमया आहे ती जाळाची. हा मुलूख कापसाचा. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उरतात. त्यांच्या धगीत वांगी साल काळी पडेपर्यंत भाजतात, मग सोललेला गर लाकडी भांड्यात ठेचतात. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात व शेंगदाणे पडतात. शहरातील शेगडीवरही वांगे भाजते खरे. पण पऱ्हाटीच्या धुराचा तो वास त्यास कोठून यावा? सोबत ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हवीच. गव्हाच्या पोळीशी या भरिताचे मुळीच जमत नाही. उन्हे तापू लागली की या पंगती विरळ होतात.