छपरावरील काचेचा मोतीबिंदू

सर्वपित्री अमावास्या जवळ आली की आमच्या वाईत घरोघरी जळमटे निघतात, देवघरातील समया चिंचेने उजळतात, अंथरुणे-पांघरुणे उन्हात पडतात. जमिनीपासून आढ्यापर्यंत सारे घर लख्ख होते; मागे राहते ते छपरातील काचेचे कौल. ते हाताला येत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही.

‘गवाक्ष’ या शब्दातील ‘अक्ष’ म्हणजे डोळा. हा शब्द ज्या नियमाने सिद्ध होतो, तो सांगताना पाणिनींनी स्फोटायन या पूर्वाचार्यांचे नाव आदराने घेतले आहे. उलटपक्षी, वाग्भटांच्या नेत्ररोगविचारात ‘काच’ हे दृष्टी मंद करणाऱ्या एका विकाराचे नाव आहे. घराच्या डोळ्यालाही असा विकार जडतो, हे मला बारा वर्षांपूर्वी उमगले.

आमच्या मातोश्री देवघरात नित्य पोथी वाचीत. त्या वर्षी ‘अक्षर लागत नाही रे’ असे त्या म्हणू लागल्या. चष्मा बदलला, तरी गुण येईना. एके दिवशी सहज मान वर केली, तो काचेच्या कौलावर हिरवे-पांढरे पटल साचलेले. घटस्थापना दुसऱ्या दिवसावर आलेली. मी उतावळेपणाने छपरावर चढलो. शेवाळलेल्या कौलावरून पाय घसरला, कौल फुटले आणि डावे मनगट मोडले. त्या नवरात्रातील नऊही कीर्तने मी झांजेवाचून केली. पडलो तो अंगणाच्या बाजूला नव्हे, ही जगदंबेची कृपा.

त्यानंतर एका वृद्ध गवंड्याने मला शहाणे केले. ‘महाराज, तुम्ही काचेकडं कशाला जाता? काच खाली आणा की!’ मंगलोरी कौलाची घडणच तशी आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून ही कौले सर्वत्र पसरली. खालच्या अंगाच्या नाकाने ती रिपेला अडकून बसतात. चुन्या-सिमेंटाने वा तारेने जखडलेले नसेल आणि खाली तक्तपोशी नसेल, तर घरातूनच भक्कम घोडीवर उभे राहून वरच्या रांगेचे कौल किंचित उचलावे, काचेचे कौल वर सरकवून नाक सोडवावे व तिरपे करून आत घ्यावे. घोडी धरावयास दुसरा माणूस हवाच.

काच हाती आली की डाग ओळखावा. बाहेरील शेवाळ तासभर ओल्या फडक्याखाली ठेवून काथ्याने काढावे. आतील बाजूची चिकट काजळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून सुटते. मात्र हाताला रबरी मोजे असावेत. पांढरे ओघळ बहुधा आढ्याच्या चुन्या-सिमेंटातून पावसाने आणलेला चुना असतो. त्यावर सोडा व्यर्थ. लिंबाचा रस किंवा व्हिनेगार लावून पंधरा मिनिटे थांबावे, मग धुवावे. हे काम शहाबादी फरशीवर करू नये. तीही चुनखडीचीच, आम्लाने डागाळते. वाळू वा खरखरीत राख काचेवर चरे पाडते. उन्हाने तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकते. आणि आम्लासोबत ब्लीचिंग पावडर कदापि मिसळू नये. विषारी वायू निघतो.

जेथे काच स्लॅबमध्ये पक्की बसविलेली असेल, तेथे तिच्यावर पाय न देता गच्चीवरून लांब बांबूला ओले फडके बांधून पुसावे. डाग भिजण्यास वेळ द्यावा, जोर देऊ नये.

दोन-तीनदा करूनही धूसरपणा जात नसेल, तर तो डाग नव्हे. वर्षानुवर्षांच्या ओलीने काचेचा पृष्ठभागच झिजलेला असतो. तेथे घासणे सोडून कौल बदलावे, हेच शहाणपण.

वाचकहो, सणाची स्वच्छता देवीसाठी असते, हे खरे. परंतु त्या घाईत घरातील माणूस छपरावरून पडला, तर घट कोणी बसवावयाचा? आमचे ते कौल पुढे खाली उतरवून धुतले, तेव्हा सकाळच्या उन्हाचा कवडसा थेट पोथीच्या पानावर पडला. मातोश्रींनी चष्मा सावरला, पान उलटले आणि पुढची ओवी वाचावयास घेतली.