कॅलिपर खोलला? मग जुनाच बोल्ट अन् जुनाच वॉशर परत लावू नका!

ब्रेकचं काम करून गाडी घरी आली की आपण एकच गोष्ट बघतो, ब्रेक लागतो का? लागला की काम फत्ते. पण कॅलिपर खोलताना निघालेले बोल्ट, तांब्याचे वॉशर, पिना, क्लिपा यांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा जे निघालं तेच पुसून परत लावलेलं असतं. ब्रेकच्या कामात खरा धोका इथंच लपलेला असतो.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळं डिस्क ब्रेकची गाडी आता वाडीवस्तीवरही दिसते. पिकअप, जीप, कार यांना तर पुढं डिस्क असतेच. गाड्या बदलल्या, पण खोलायची-जोडायची सवय मात्र ड्रम ब्रेकच्या काळातलीच राहिली.

कॅलिपरच्या बोल्टवर नेमका काय भार येतो?

चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल चकतीला डिस्क म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबानं पिस्टन पुढं येतो आणि पॅड डिस्कला आवळतात. त्या क्षणी फिरणारी डिस्क कॅलिपरलाही आपल्याबरोबर ओढून न्यायला बघते. त्याला जागेवर धरून ठेवतात ते फक्त दोन बोल्ट. मागं बायको, पुढं टाकीवर पोरगं आणि उतारावर समोर अचानक म्हैस आली, तर तिघांचाही जीव त्या दोन बोल्टांच्या भरवशावर असतो.

बोल्ट काम कसं करतो, हेही समजून घ्यायला पाहिजे. ट्रॉलीवर ऊस भरून दोर ओढून बांधतात. दोर ताणलेला आहे तोवर माल हलत नाही. दोर ढिला पडला की माल सरकतो, मग दोर कितीही जाड असो. बोल्टचंही तसंच आहे. आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळं दोन भाग एकमेकांना घट्ट धरून बसतात. ताण गेला की कॅलिपर हलायला लागतो, प्रत्येक ब्रेकला बोल्टला हिसका बसतो आणि शेवटी आटे जातात नाहीतर बोल्ट तुटतो.

स्पोर्ट्स कारवाले काय करतात?

लाखो-कोटींच्या स्पोर्ट्स कारच्या दुरुस्ती पुस्तकात अनेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं, कॅलिपर काढला की त्याचे बोल्ट फेकून द्या, नवीन लावा. जुना बोल्ट दिसायला कोरा असला तरी!

याची कारणं तीन. पहिलं, काही बोल्ट इतके आवळलेले असतात की ते कायमचे ताणले जातात. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देईल याचा भरवसा नसतो. दुसरं, बऱ्याच बोल्टांच्या आट्यांवर कंपनीतूनच निळा, हिरवा किंवा लाल चिकट थर दिलेला असतो. हादऱ्यानं बोल्ट सुटू नये म्हणून तो असतो. बोल्ट एकदा फिरवला की तो थर तुटतो. तिसरं, ब्रेक लावून लावून डिस्क काहीशे अंश तापते. ती उष्णता कॅलिपर आणि बोल्टपर्यंत जाते आणि पुन्हा गार होते. असं हजारो वेळा घडतं.

आता आपली गाडी काही दोनशेच्या वेगानं पळत नाही. पण आपल्याकडं दुसरे शत्रू आहेत. शेताचा चिखल, कच्च्या रस्त्याचे हादरे, आणि गाडीवरून नेलेलं खत. पोटॅश खतात क्लोराइड असतं, ते लोखंड खातं. पोतं जरा फाटकं असलं की खताची भुकटी पाण्याबरोबर बोल्टच्या खाचेत जाऊन बसते. शिवाय बोल्ट लोखंडी आणि कॅलिपर ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकत्र आणि वर ओल, म्हणजे गंज आणखी लवकर धरतो.

काय बदलायचं, काय नाही?

सगळंच बदला असं कोणी म्हणत नाही. कोणतं काम केलं त्यावर ते ठरतं.

*कॅलिपरचे मुख्य बोल्ट:* कंपनीनं "एकदाच वापरायचा" असं सांगितलं असेल तर नवीनच पाहिजे. तसं सांगितलं नसेल, तरी आटे चेपलेले, गंजानं खाल्लेले, डोकं गोल झालेलं किंवा बोल्ट वाकलेला असेल तर बदला. बोल्ट सपाट काचेवर लोळवून बघा, वाकडा असेल तर लगेच कळतं.

*तांब्याचे वॉशर:* ऑइलचा पाइप कॅलिपरला ज्या पोकळ बोल्टनं जोडलेला असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर असतो. हा मऊ वॉशर दाबून बसतो म्हणूनच ऑइल गळत नाही. एकदा दाबला की तो कडक होतो आणि त्यावर वळ उठतात. म्हणून पाइप खोलला की दोन्ही वॉशर नवीन, यात तडजोड नाही. फक्त पॅड बदलायचे असतील तर बहुतेक गाड्यांत पाइप खोलावाच लागत नाही, मग वॉशरचा प्रश्नच येत नाही.

*पॅडची पिन आणि स्प्रिंग क्लिप:* पिनेवर खाच पडली असेल तर पॅड अडकतो आणि ब्रेक धरून बसतो. क्लिप ढिली पडली की पॅड खडखडतो. पॅडबरोबर ही क्लिपही बदललेली बरी. लॉकची काटा पिन असेल तर ती एकदाच वापरायची. वाकवून सरळ केलेली पिन कधी तुटेल सांगता येत नाही.

*सरकत्या पिनांचे रबरी बूट:* कॅलिपर ज्या पिनांवर मागंपुढं सरकतो, त्यांचे बूट फाटले की आत पाणी जातं, पिन जाम होते आणि एकाच बाजूचा पॅड झिजतो. बूट फाटलेला दिसला की बदलायचा.

*पिस्टनचे रबर:* पिस्टन बाहेर काढला असेल तर सील आणि धुळीचं रबर दोन्ही नवीन टाका.

डिझेलनं धुतलं की घात

गॅरेजमध्ये सगळे पार्ट डिझेल-पेट्रोलच्या डब्यात बुडवायची पद्धत आहे. इंजिनच्या पार्टला ते चालेल, ब्रेकच्या रबराला अजिबात नाही. डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की ब्रेकचं रबर फुगतं. मग पिस्टन मागं येत नाही आणि चाक जाम होतं. हे भाग ब्रेक क्लीनरनं नाहीतर ताज्या ब्रेक ऑइलनंच पुसावेत. सरकत्या पिनांना ब्रेकचंच खास ग्रीस लावावं.

ऑइलही झाकणावर लिहिलेलंच टाका. डॉट ३ किंवा डॉट ४. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने उघडी राहिलेली बाटली वापरू नये. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही. ओल धरली की ही मर्यादा १५५ अंशापर्यंत उतरू शकते. घाटात ऑइल उकळलं की लिव्हर सरळ आत जातो आणि ब्रेक लागत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट चालेल का?

"दादा, त्याच मापाचा बोल्ट हाय की, कशाला कंपनीचा पाहिजे?" हे वाक्य बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. माप तेच असलं तरी ताकद तीच असेल असं नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो ताकदीचा. मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद. आकडाच नसलेला बोल्ट कुंपणाच्या गेटला लावा, ब्रेकला नको. चकचकीत स्टीलचा बोल्ट गंजत नाही म्हणून काही जण लावतात. पण बाजारात मिळणारा साधा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षाही कमी ताकदीचा असतो.

लांबीतही फरक नको. बोल्ट आखूड पडला तर कमी आटे धरतो. लांब पडला तर डिस्कला घासू शकतो. म्हणून गाडीचं मॉडेल आणि साल सांगून पार्ट नंबरप्रमाणंच बोल्ट मागवा.

किती आवळायचा?

पान्याला पाइप घालून अंगातला जोर लावायचा, ही पद्धत इथं चालत नाही. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, लोखंडी बोल्ट ते सहज ओरबाडून काढतो. समजा पुस्तकात ३० न्यूटन-मीटर लिहिलंय. म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचा जोर. तेच मीटरभर पाइप लावून ४० किलोचा जोर दिला, तर ते ४०० च्या आसपास जातं! प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, म्हणून पुस्तक बघून टॉर्क पाना वापरणाऱ्याकडंच काम द्या.

बोल्टचे पहिले तीन-चार आटे हातानं फिरवावेत. आट्यांना ग्रीस लावू नये. जिथं कंपनीनं सांगितलंय तिथं निळं थ्रेडलॉकर थेंबभर पुरतं, पण आधी आटे ब्रशनं साफ आणि कोरडे पाहिजेत. ते पूर्ण धरायला साधारण २४ तास लागतात. लाल थ्रेडलॉकर नको, पुढच्या वेळी बोल्ट तापवल्याशिवाय निघत नाही.

गाडी ताब्यात घेताना हे बघा

- निघालेले जुने पार्ट परत मागा. नवीन काय लावलं, ते बिलावर लिहून घ्या.
- काम चालू असताना कॅलिपर ऑइलच्या पाइपवर लोंबकळत ठेवू देऊ नका. तारेनं बांधायला सांगा, नाहीतर पाइप आतून फाटू शकतो.
- आवळून झालेल्या बोल्टवर आणि कॅलिपरवर मिळून पेंटची एक रेघ मारून घ्या. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला समजा.
- गाडी हलवण्याआधी लिव्हर किंवा पेडल चार-पाच वेळा दाबा. कडक लागलं तरच पुढं चला. पहिला ब्रेक रिकाम्या जागी, हळू वेगात लावून बघा.
- पाइप खोलला असेल तर एअर काढून घ्या. एबीएसच्या काही गाड्यांत त्यासाठी स्कॅन मशीन लागतं.
- शंभरेक किलोमीटरनंतर रेघ, गळती आणि आवाज पुन्हा तपासा.

ब्रेक लावताना "कट" असा आवाज येत असेल, लिव्हर मऊ लागत असेल किंवा चाकावर आतून ओलं दिसत असेल, तर "हळू हळू नेतो तालुक्याला" असं करू नका. गाडी टेंपोत घालून न्या.

नवीन बोल्ट गावात मिळाला नाही तर दोन दिवस गाडी उभी राहील, बाजार चुकेल, दुधाला दुसऱ्याची गाडी बघावी लागेल. गैरसोय आहेच. पण तांब्याचा वॉशर चहाच्या पैशात येतो, आणि बोल्टची जोडी नव्या पॅडच्या किमतीपुढं फार मोठी नसते. मिस्त्रीनं सांगायची वाट बघू नका. कॅलिपर खोलायच्या आधीच विचारा, "भाऊ, नवीन बोल्ट-वॉशर आणून ठेवलेत का?"